मेळाव्याचा दरबान

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मग मला मध्ये अडवू नका. कारण एवढं डोकं लावून एवढी फजिती करून घेणारा माणूस तुम्हाला सिंदीपासून वर्ध्यापर्यंत दुसरा सापडायचा नाही. लोक अडाणीपणानं फसतात हो. मी हुशारीनं फसलो!

मी सिंदी रेल्वे या गावात एका कापसाच्या जिनिंगच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर बसतो. वय सदतीस, लग्न नाही. आई तीन वर्षांपूर्वी गेली, भाऊ पुण्याला असतो, आणि स्टेशनजवळच्या खोलीवर मी आणि माझा कुकर. दिवसभर ऑफिसात गाड्यांचे नंबर ओरडून घसा बसतो, पण खोलीचं कुलूप उघडलं की बोलायला कोणी नाही. मग मी कुकरशी बोलतो. "झालं का बे?" असं विचारतो. तो शिटी देतो. तीन वर्षांत आमचं भांडण असं झालं नाही, पण संसार म्हणायचा तर म्हणवत नाही.

तर आमच्या समाजाचं एक मंडळ आहे आणि ते दर वर्षी वर्ध्याला वधू-वर परिचय मेळावा भरवतं. थूल सर त्याचे सचिव. निवृत्त मुख्याध्यापक. माणूस सोन्यासारखा, पण अजूनही सगळ्यांना सातवीतलंच समजतो. दिवाळीनंतर एका रविवारी ते थेट माझ्या खोलीवर आले.

"जय भीम, प्रमोद. यंदा तुह्यावर एक काम टाकून राह्यलो."

"जय भीम सर. बसा ना."

ते बसले आणि मी उभा राहिलो, कारण खुर्ची एकच.

"मागच्या साली काय झालतं, आठवते ना?" सर म्हणाले.

आठवणार नाही कसं! मागच्या वर्षी बायोडाटांचं पुस्तक छापलं होतं. तीन कार्यकर्ते बायोडाटा गोळा करत होते आणि तिघांकडून तीच ती फाईल येत होती. आर्वीचा एक मुलगा पुस्तकात चार वेळा छापला गेला. एका मुलीचे वडील स्टेजवर येऊन माईकवरच विचारायला लागले, "हे चौघं भाऊ भाऊ जुळे हायेत का? मले मोठा पाह्यजे."

"यंदा पुस्तक नाई," सर म्हणाले. "यंदा सब ऑनलाईन. नावाची यादी मी बनवतो. नावावर बोट ठेवलं का बायोडाटा उघडला पाह्यजे. अन् डबल फाईल एकबी नाई पाह्यजे. जमते का तुले?"

जमते का म्हणे! अहो, जिनिंगच्या कॉम्प्युटरवर फावल्या वेळात मी प्रोग्राम लिहायला शिकलो होतो. आणि खोलीवर मला फावल्या वेळाशिवाय दुसरं होतं काय? मी छाती फुगवून हो म्हणालो.

आठ दिवस खपून मी एक छोटा प्रोग्राम तयार केला. कॉम्प्युटरच्या पडद्यावर एक चिन्ह ठेवलं, त्याचं नाव दरबान. आमच्या जिनिंगच्या गेटवर असतो ना, गाडी अडवून विचारणारा, तसा. माऊसनं फाईल ओढायची आणि दरबानावर सोडायची, बस्स. तो सर्व्हरला विचारणार, ही फाईल तुझ्याकडे आहे का? नसली तर वर चढवणार. असली तर परत चढवणार नाही, यादीतल्या त्या माणसाच्या नावाला वरचीच फाईल जोडून देणार. पुन्हा पुन्हा तीच फाईल नको, डबलची कटकट नको. काय डोकं चाललं होतं माझं!

दरबानाचे निरोपसुद्धा मी आपल्या बोलीत लिहिले. फाईल नवीन असली तर पडद्यावर उमटायचं, "ये बाप्पा, घेतलं तुले." आधीची असली तर, "हे तं पहिलेपासून हाय ना बाप्पा!"

खरं सांगू का, ते निरोप लिहिताना मला फार बरं वाटलं होतं. घरात कोणीतरी बोलायला लागलं होतं.

चाचणीसाठी फाईल हवी होती. घेतली माझीच. माझा बायोडाटा कुठे कामाला येत होता एरवी! ओढला, दरबानावर सोडला. "ये बाप्पा, घेतलं तुले." पुन्हा सोडला. "हे तं पहिलेपासून हाय ना बाप्पा!" मी तर टाळीच वाजवली. मग उगाच आणखी सात-आठ वेळा सोडला. काम झालं होतं, पण ऐकायला गोड लागत होतं.

मग सरांनी आपल्या शिस्तीत, प्रत्येकाच्या नावाचा वेगळा फोल्डर करून सगळ्या फाईली पाठवल्या. मी एकेक फोल्डर उचलायचो आणि दरबानावर सोडायचो. "हे तं पहिलेपासून हाय ना बाप्पा!" दुसरा सोडला. "हे तं पहिलेपासून हाय ना बाप्पा!" मध्येच एखादी नवीन निघायची, की परत तेच.

मी सरांना फोन लावला. "सर, लोक किती वेळा पाठवतात हो एकच फाईल! दरबानानं ढिगानं पकडल्या."

"शाब्बास रे पठ्ठ्या!" सर म्हणाले. "म्हनून तं तुले सांगतलं."

तुमच्या काही लक्षात येतंय? येत असेल तर तुम्ही माझ्यापेक्षा हुशार. मला शंकासुद्धा आली नाही. आपल्या हुशारीवर कोणी शंका घेतं का?

गुरुवारी सरांनी यादीची लिंक समाजाच्या सगळ्या ग्रुपांवर टाकली. आणि गुरुवारी दुपारपासून माझा फोन वाजायला लागला.

माझा फोन! ज्याच्यावर गॅसवाल्याखेरीज कोणी बोलत नव्हतं, तो फोन!

पहिला फोन आर्वीहून, एका काकांचा. "तुमचा फोटो पाह्यला आमी."

मी उगाच केसांवरून हात फिरवला. "हो का? बरं बरं."

"माह्या पोरीचं नाव हाय यादीत. तं आमचं म्हननं असं का..."

"काका, फोनवर नको ना," मी म्हणालो. आपण मुलाकडचे, आपणच घाई केली तर बरं दिसत नाही. "रविवारी मेळाव्यात समोरासमोर बसून बोलू."

"अजी पन हे काई बराबर नाई..."

"वयाचं म्हणताय ना? सदतीस आहे. लपवलेलं नाही मी काही."

काका नुसतं "रविवारी पाह्यतो तुमाले" म्हणाले आणि फोन ठेवला. मला त्यांचा करारीपणा फार आवडला.

दुसरा फोन हिंगणघाटच्या एका बाईंचा. "घरच्या सगळ्यायनं पाह्यला तुमचा फोटो. आजीनं बी पाह्यला. आजी म्हने, हा आपला नाई."

"आजींचं मन मी वळवतो," मी म्हणालो. "रविवारी आजींना घेऊन या."

शुक्रवारी तर जिनिंगमध्ये मॅनेजरनं विचारलं, "काय रे, काही धंदा सुरू केला काय?" मी नुसतं लाजून हसलो. सदतीस वर्षं एक कुत्रं विचारत नव्हतं आणि दोन दिवसांत सगळा जिल्हा मागे लागला होता. मी प्रत्येकाला तेच सांगत होतो, रविवारी भेटू, फोनवर नको. एकालाही पुढचं वाक्य बोलू दिलं नाही.

शनिवारी सकाळी एक फोन आला, तो मात्र खुद्द मुलीचाच. अर्चना नाव. तळेगावची, पुण्याकडच्या नव्हे, आमच्या जिल्ह्यातल्या तळेगावची, तिकडेच आरोग्य उपकेंद्रात नर्स.

"तुमीच का प्रमोद?" म्हणाली. "मी दोन दिवसांपासून तुमालेच पाहून राह्यली."

आता बोला! असं वाक्य मला जन्मात कोणी म्हटलं नव्हतं.

"उद्या भेटू ना," मी म्हणालो.

"अवो पन ऐकून तं घ्या..."

"उद्या. सगळं उद्या."

ती हसली. "बरं बाप्पा, उद्या." आणि ते हसू माझ्या कानात दिवसभर राहिलं.

त्या शनिवारी मी काय काय केलं ते सांगायची लाज वाटते, पण सांगतो. नवीन शर्ट घेतला. केस काळे केले, त्यात एक कानही काळा झाला. खोली धुतली. आणि बाजारात जाऊन दुसरी खुर्ची आणली. प्लास्टिकची, लाल. ती जुनीच्या समोर मांडली आणि बराच वेळ नुसतं बघत बसलो. खोली एकदम घरासारखी दिसत होती.

रविवारी वर्ध्याच्या सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. बुद्धवंदना झाली, पाहुण्यांची भाषणं झाली. स्टेजच्या बाजूला एका टेबलावर मी कॉम्प्युटर घेऊन बसलो होतो. सर माईकवर नाव पुकारणार, मी नावावर क्लिक करणार आणि मागच्या मोठ्या पडद्यावर बायोडाटा दिसणार, असं ठरलं होतं.

सरांनी पहिलं नाव पुकारलं. सेलूच्या एका मुलीचं. मी क्लिक केलं.

पडद्यावर मी. दहा फूट उंच, पासपोर्ट फोटोतला, बंद गळ्याचा, घाबरलेला मी.

"हे नाई रे," सर माईक न झाकताच म्हणाले, "पुढची घे."

पुढचं नाव, मी. त्यानंतरचं नाव, मी. पुलगावचा एक इंजिनिअर बरोबर आला आणि सभागृहानं सुटकेचा श्वास टाकला. त्याच्या पुढच्या नावाला परत मी!

मागून एक आवाज आला, "बस झालं ना बाप्पा, पाठ झाला हा आमाले!"

सगळं सभागृह हसलं. आणि मग माझ्या टेबलाकडे माणसं यायला लागली. पुढे आर्वीचे काका.

"हाच तो! माह्या पोरीच्या नावावर तुमचा थोबडा काऊन येते? तीन दिवसांपासून फोन करून राह्यलो, तं हा म्हनते, वय सदतीस हाय!"

हिंगणघाटच्या बाई आजींना घेऊन आल्या होत्या. आजींनी चष्मा लावून माझ्याकडे पाहिलं. "मी म्हनलं होतं ना, हा आपला पोट्टा नाई. आपला गोरा हाय."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. मोबाईलवर बायोडाटा बनवून देणारं एक ॲप आहे, निम्मा समाज तेच वापरतो, मीसुद्धा. ते सगळ्यांच्या फाईलला एकच नाव देतं, बायोडाटा. माझा दरबान फाईलच्या आत डोकावतच नव्हता, नुसतं नाव विचारत होता. आणि त्या नावाची पहिली फाईल सर्व्हरवर चढली होती माझी, चाचणीची. मग जो जो आला त्याला दरबानानं दारातून परत पाठवलं आणि त्याच्या नावाला मला जोडून दिलं.

आणि ते फोन? लिंकच्या खाली सरांनी लिहिलंच होतं, अडचण आल्यास प्रमोदले फोन करावा. त्या माणसांना माझ्याशी सोयरीक नव्हती करायची हो! त्यांना तक्रार करायची होती.

मला वाटलं, आता उठून जावं आणि सरळ स्टेशन गाठावं. नवीन शर्टाची घडीसुद्धा मोडली नव्हती अजून.

तेवढ्यात कोणीतरी बाजूची खुर्ची ओढून बसलं. "मी अर्चना. तळेगाववाली."

मी मान वर केली नाही.

"पंधरा नावं दाबली मी," ती म्हणाली. "पंधरा बार तुमीच आले. मले वाटलं, मंडळानं यंदा एकच पोट्टा ठेवला." आणि ती त्या फोनवरच्यासारखीच हसली. "सांगनार होती फोनवर. तुमी बोलूच कुठं देल्लं? बाबायनं वडनेरच्या एका मास्तरची फाईल पाह्याले सांगतली होती, तं तिथंबी तुमी."

वडनेरचा मास्तर. म्हणजे ती त्यासाठी आली होती. पण मग तीच म्हणाली, "चाला, मी नावं वाचीन, तुमी फाईलीची नावं बदलवा. दोघायनं केलं तं होऊन जाईल."

सरांनी जेवणाची सुट्टी लवकर जाहीर केली आणि आम्ही दोघं बसलो. ती नाव वाचायची, मी फाईलला त्या माणसाचं नाव द्यायचो, ओढायचो, सोडायचो. मध्ये मध्ये ती बोलत होती. उपकेंद्रातल्या सुया, सुईला घाबरून मोटारसायकलवरून पळून गेलेला सरपंच, तिच्या बाबांचं घोरणं. दोन तास. मी तीन वर्षांत एवढं ऐकलं नव्हतं. मी सुखात होतो, दुसरा शब्द नाही.

मास्तरची फाईल माझ्याच हातानं चढवली. ती तिनं एक मिनिट पाहिली आणि "ठीक हाय" म्हणून पुढे सरकली. मग माझी फाईल उघडली तिनं.

"अपेक्षा, बोलणारी असावी," तिनं मोठ्यानं वाचलं. "बस? एवढंच? रंग, उंची, नोकरी काईच नाई?"

"नाही."

ती म्हणाली, "बोलनारी तं मी बी हाय. बाबा म्हनते, थांबतच नाई."

आणि तुम्हाला सांगतो, या वाक्यावर जगातला कुठलाही शहाणा माणूस काहीतरी म्हणाला असता. मी काय म्हणालो?

"पुढचं नाव कोणाचं?"

असं म्हणालो मी! माझ्याच तोंडानं!

तिनं पुढचं नाव वाचलं. शेवटी सगळी यादी झाली आणि सर्व्हरवर जुन्या नावाची ती एक फाईल उरली, माझी, सगळ्या भानगडीचं मूळ. मला तिचा असा राग आला होता की मी ती उचलली आणि पुसून टाकली.

"हे काऊन काढली?" अर्चनानं विचारलं.

"आता हिची गरज नाही," मी ऐटीत म्हणालो.

"असं होय," ती म्हणाली. उठली, ओढणी सारखी केली, आणि बाबांकडे निघून गेली. दुपारी मेळावा झकास पार पडला. एकेक बायोडाटा बरोबर दिसत होता आणि लोक टाळ्या वाजवत होते. मी संध्याकाळी सिंदीला उतरलो.

सोमवार गेला, मंगळवार गेला. फोन गप्प. मी रेंज बघितली, फोन बंद करून चालू केला. आठ दिवस गेले. एकदा तर मनात आलं, परत बिघडवावं का सगळं? निदान शिव्या द्यायला तरी कोणी फोन करेल. माऊसवर हात ठेवून बसलोसुद्धा, अगदी शपथेवर सांगतो.

नवव्या दिवशी फोन वाजला. थूल सर.

"काय रे, मोठा लबाड निंगला तू! जमवलं अन् सांगतलं बी नाई?"

"काय जमवलं, सर?"

"आता बनून नको राहू. यादीतून फाईल काढून घेतली ना तू? आपला नियमच हाय, सोयरीक जमली का मंडळाले कळवाचं अन् नाव काढाचं. मी तुह्या नावावर बोट ठेवलं तं काईच नाई. दोघा-तिघायनं विचारलं बी तुह्याबद्दल. मी सांगून देल्लं, जमलं त्याचं."

सगळ्यांच्या फाईली चढवल्या होत्या मी. माझीच पुसली आणि नव्या नावानं परत चढवायची विसरलो होतो.

"सर," मी कसंबसं विचारलं, "कोणी विचारलं होतं?"

"ते तळेगाववाली नर्स नाई का, अर्चना? तिच्या बापानं दोनदा फोन केलता. पोरगी म्हने, त्याचं खरंच जमलं का, ते विचारून पाहा. मी म्हनलं, हो. मंग काल तिचं वडनेरच्या मास्तरसंग पक्कं झालं. चांगलं झालं. बरं, पेढे कधी देतं?"

सांगायला हवं होतं. एक वाक्य होतं, सर, ती चुकून पुसली गेली. पण कालच पक्कं झालेल्या घरात ते वाक्य आता कोणी न्यायचं आणि कशाला?

"आणतो, सर," मी म्हणालो.

रविवारी स्टेशनसमोरून अर्धा किलो पेढे घेतले आणि सरांकडे गेलो. सरांनी एक पेढा तोंडात टाकला, एक आपल्या बायकोला दिला, आणि खुशीत विचारलं, "मंग, कुठची हाय पोरगी?"

मी झटकन एक पेढा उचलून तोंडात कोंबला आणि नुसतीच मान हलवली. उरलेला डबा खोलीवर आणून लाल खुर्चीवर ठेवला. एकट्या माणसाला अर्धा किलो पेढे किती दिवस पुरतात, ते कोणाला जाणून घ्यायचं असेल तर मला विचारा.